गॅलरीतली फाळणी

कलकत्त्याच्या फुटबॉलविषयी बंगालबाहेर जे ठाऊक असते ते साधारण एवढेच: मोहन बागान हा मूळच्या पश्चिम बंगाल्यांचा, म्हणजे घोटींचा संघ, ईस्ट बंगाल हा पद्मा नदीपलीकडून आलेल्या निर्वासितांचा, म्हणजे बांगालांचा, आणि मोहमेडन स्पोर्टिंग मुसलमानांचा. मोहन बागान जिंकला की बाजारात कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बंगाल जिंकला की हिलशाचा. तीन समाज, तीन क्लब, आणि त्यांचे वैर जणू अनादि काळापासून चालत आलेले. हे चित्र खुद्द कलकत्तेकरांनी इतक्या प्रेमाने जपले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांच्या घटना ओळीने मांडल्या तर वेगळेच काही दिसते. या गॅलऱ्यांमधल्या पूर्वग्रहांना धार आली ती खेळामुळे नव्हे. ती दर वेळी बाहेरून आली: कधी वसाहती सरकारच्या धोरणातून, कधी फाळणीतून, कधी नागरिकत्वाच्या कायद्यातून. मैदानात उतरणारे अकरा जण मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीत त्या पूर्वग्रहांना खोटे पाडत आले. म्हणून प्रेक्षकांमधली समाजावरून, धर्मावरून होणारी टिंगल निरुपद्रवी की घातक, याचा निकाल स्टेडियमच्या आत लागत नाही, असे माझे म्हणणे आहे. बाहेर त्या वेळी राज्यकर्ते काय करत आहेत यावर तो ठरतो.

सुरुवात १९११ पासून करावी लागते. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली, अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जी यांच्या पायांत. कर्झनने केलेली बंगालची पहिली फाळणी तेव्हा अजून कायम होती, ती रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात व्हायची होती. त्या फाळलेल्या प्रांताच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून माणसे आगगाड्यांनी आणि बोटींनी सामन्यासाठी कलकत्त्याला लोटली. गर्दीत मैदान दिसेना, तेव्हा मागे उभ्या असलेल्या हजारोंना गोलसंख्या कळावी म्हणून पतंगांवर आकडे लिहून ते आकाशात चढवले गेले. संघातले बरेच खेळाडू पूर्व बंगालच्या घराण्यांतले होते. ‘द मुसलमान’ या कलकत्त्याच्या साप्ताहिकाने या विजयाचा आनंद आपलाच मानून मांडला. म्हणजे ज्या मोहन बागानला आज ‘घोटींचा क्लब’ म्हणतात, तसा क्लब १९११ मध्ये कुणाच्याच डोक्यात नव्हता. पुढेही तसेच झाले. मोहन बागानच्या बचावफळीची ‘चिनी भिंत’ म्हणून गाजलेले गोष्ठ पाल फरीदपूर जिल्ह्यातले. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे कर्णधार आणि मोठ्या क्लबांपैकी आयुष्यभर फक्त मोहन बागानसाठी खेळलेले चुनी गोस्वामी यांचा जन्म किशोरगंजचा, तेव्हाच्या मैमनसिंग जिल्ह्यातला. मोहन बागानच्या गॅलरीने ज्यांना डोक्यावर घेतले, त्या दोन सर्वांत मोठ्या खेळाडूंची जन्मगावे आजच्या बांगलादेशात आहेत.

यावर कुणी म्हणेल की बांगालांची टिंगल फुटबॉलच्या आणि फाळणीच्याही आधीपासून होती. होतीच. दीनबंधु मित्र यांच्या १८६६ च्या ‘सधवार एकादशी’ या नाटकात पूर्व बंगालहून आलेला राममाणिक्य हा हशा पिकवण्यासाठीच रंगमंचावर येतो. कलकत्त्यात शिकायला, नोकरीला आलेल्या ढाका-बारिसालच्या माणसाच्या उच्चारांची नक्कल करणे हा तिथल्या जुन्या रहिवाशांचा विरंगुळा होता. पण आपल्याकडे देशावरचा आणि कोकणातला माणूस एकमेकांच्या बोलीची टर उडवतात, त्याच जातीची ती गोष्ट होती. त्यात तुच्छता होती, अपमान होता. पण नक्कल झालेल्या माणसाचे या शहरात राहण्याचे हक्क त्यामुळे धोक्यात येत नव्हते. इतिहासातली ही पायरी नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण टिंगलीचे शब्द पुढेही बहुतेक तेच राहिले आणि वजन मात्र बदलत गेले.

फुटबॉलमध्ये या तुच्छतेला संस्थेचे रूप कसे आले, ते ईस्ट बंगालच्या जन्मात दिसते. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कपच्या सामन्यात जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्ध पूर्व बंगालच्या सैलेश बोस यांना संघाबाहेर ठेवले. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी ते मनाला लावून घेतले, क्लब सोडला, आणि १ ऑगस्ट रोजी सहकाऱ्यांसह नवा क्लब काढला. नाव ठेवले ईस्ट बंगाल. एका खेळाडूला वगळण्याचे निमित्त झाले. पण पूर्वेकडच्या माणसाला इथे कमी लेखतात ही भावना आधीपासून साचलेली नसती तर क्लबला प्रदेशाचे नाव पडले नसते. त्या भावनेचे स्पर्धेत रूपांतर झाले ते मात्र इंग्रजांच्या नियमाने. कलकत्ता लीग १८९८ मध्ये सुरू झाली आणि पहिली सोळा-सतरा वर्षे तिच्या पहिल्या विभागात एकाही हिंदी संघाला जागा नव्हती. १९१५ मध्ये मोहन बागान आत आला, पण हिंदी संघ दोनच असावेत अशी मर्यादा होती. १९२४ मध्ये ईस्ट बंगालने वरच्या विभागात जाण्याची पात्रता मिळवली तेव्हा त्या दोन जागा मोहन बागान आणि एरियन यांच्याकडे होत्या. ईस्ट बंगालच्या गोटात आजही सांगितले जाते की गोरे क्लब नियम बदलायला तयार झाले आणि विरोध केला तो या दोन हिंदी क्लबांनी. ते शब्दशः खरे मानले नाही तरी व्यवस्थेचा परिणाम स्पष्ट आहे. घरात दोनच खुर्च्या ठेवल्या की बाहेर उभा राहिलेला माणूस यजमानाशी भांडत नाही, आधीच बसलेल्या भावाशी भांडतो. १९२५ मध्ये मर्यादा उठली, २८ मे रोजी लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली आणि नेपाल चक्रवर्ती यांच्या गोलने ईस्ट बंगाल जिंकला. शंभर वर्षांच्या स्पर्धेची खरी सुरुवात म्हणायची तर ती ही.

मोहमेडन स्पोर्टिंगची कथा याहून तीव्र आहे आणि तिच्याविषयी गैरसमजही जास्त आहेत. १८९१ पासून या नावाने असलेला हा क्लब १९३३ पर्यंत खालच्या विभागात धडपडत होता. १९३४ मध्ये पहिल्या विभागात आल्या आल्या त्याने लीग जिंकली, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकली. १८९८ पासून गोऱ्या आणि लष्करी संघांखेरीज कुणालाही न मिळालेला हा मान पहिल्यांदा एका हिंदी संघाला मिळाला. यामागे चमत्कार नव्हता, नियोजन होते. कलकत्त्याचा मोसम पावसाळ्याचा. जुलैच्या चिखलात अनवाणी पाय घसरतात हे ओळखून मोहमेडनने ओल्या मैदानावर आपल्या खेळाडूंना बूट घालायला लावले, आणि बंगालपुरते न थांबता बंगळूरपासून वायव्येपर्यंत जिथे चांगला खेळाडू दिसेल तिथून आणला. याच संघातले मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोला जाऊन सेल्टिककडून पायांना पट्ट्या बांधून खेळले. १९४० मध्ये क्लबने मुंबईत रोव्हर्स कप जिंकला आणि दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरांड कप जिंकणारा पहिला हिंदी नागरी संघ होण्याचा मानही मिळवला. १९११ आणि १९३४ यांत खेळाच्या दृष्टीने तिळमात्र फरक नव्हता. दोन्ही वेळा राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले गेले. फरक पडला तो भोवतालच्या राजकारणात. १९०९ पासून स्वतंत्र मतदारसंघ होते, १९३२ च्या जातीय निवाड्याने ते पक्के झाले, १९३७ मध्ये फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ मुस्लिम लीगच्या साथीने आले. मतदाराला धर्माच्या खणात बसवून झाल्यावर प्रेक्षक त्याच खणात बसला यात नवल नाही. तरी १९३९ मध्ये रेफरींच्या निर्णयांवरून लीग चालवणाऱ्या आयएफएशी (इंडियन फुटबॉल असोसिएशनशी) बिनसले तेव्हा ईस्ट बंगाल आणि मोहमेडन एकाच बाजूने लीगबाहेर पडले, आणि त्या वर्षी मोहन बागानला पहिले लीग विजेतेपद मिळाले. धर्माची रेघ तितकी अभेद्य असती तर ही युती झालीच नसती.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि मुंबईच्या वाचकाला तो लगेच सुचेल. धर्माच्या नावाने संघच काढले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांविरुद्ध नेमके हेच सांगितले. पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन आणि ‘बाकीचे’ अशा पाच संघांची ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली आणि ते बरेच झाले. तिथे समाज हा संघाचा पाया होता आणि संघात येण्याची अटही होती. हिंदूंच्या संघात बाहेरच्याला जागा नव्हती, आणि आतल्यांतही जात आड येत होती: पळवणकर बाळू यांच्यासारख्या गोलंदाजाला चांभार म्हणून कर्णधारपद कधीच मिळाले नाही, ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळेपर्यंत बरीच भांडणे करावी लागली. कलकत्त्याच्या क्लबांना समाजाचे मूळ होते, पण ते क्लब होते, प्रतिनिधी संघ नव्हते. त्यामुळे दार उघडण्याची शक्यता राहिली आणि कालांतराने ती तिन्ही क्लबांत प्रत्यक्षात आली. हाच भेद ग्लासगोत दिसतो. सेल्टिक आयरिश कॅथलिक स्थलांतरितांचा क्लब, पण त्याचे गाजलेले प्रशिक्षक जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होते. त्याच्या प्रतिस्पर्धी रेंजर्सने मात्र कित्येक दशके नामांकित कॅथलिक खेळाडू घेतला नाही. १९८९ मध्ये मो जॉन्स्टन यांना घेतले तेव्हा रेंजर्सच्याच चाहत्यांनी निषेध केला. समाजाशी नाते असणे आणि समाजाबाहेरच्याला दार बंद करणे या दोन गोष्टी एक नाहीत. बंदी घालायची तर दुसरीवर.

१९४७ नंतर या तिन्ही क्लबांचे अर्थ एकदम बदलले. पूर्व बंगाल सीमेपलीकडे गेला आणि त्याच्या नावाचा क्लब इथे उरला. सियालदा स्टेशनाच्या फलाटांवर कुटुंबे महिनोन्‌महिने राहत होती, जादवपूर-बिजयगडच्या पडीक जमिनींवर रातोरात ‘जबरदखल’ वसाहती उभ्या राहत होत्या. सरकारने लाखोंतल्या अनेकांना बंगालबाहेर पाठवले. दंडकारण्यात आणि आपल्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली बोलणारी गावे आहेत ती या इतिहासामुळेच. ज्यांच्याकडे पत्ता उरला नव्हता त्यांना लाल-सोनेरी जर्सी हा पत्ता झाला. पण मैदानावर कोण होते? १९४९ ते १९५३ या काळात ईस्ट बंगालच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना ‘पंचपांडव’ म्हणत: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही जण दक्षिणेकडचे, त्यांत दोन मुसलमान. धर्माच्या नावाने घरदार गमावून आलेली माणसे आठवड्याच्या शेवटी मैदानात येऊन अहमद खान आणि सालेह यांच्या गोलांवर जिवाच्या आकांताने ओरडत होती. फाळणीने निर्वासितांच्या मनात मुसलमानांविषयी काय पेरले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते खोटे नाही. पण त्याच मनांत या दोघांसाठी जागा होती, हेही तितकेच खरे आहे. आणि ती जागा कुठल्या सर्वधर्मसमभावाच्या भाषणाने नाही, चेंडूवरच्या हुकमतीने मिळवली होती.

मोहमेडनच्या वाट्याला याच्या उलट आले. क्लबचे अनेक आधारस्तंभ पाकिस्तानात गेले. मागे राहिलेल्या चाहत्याला, जो कलकत्त्यातच जन्मला आणि जाणूनबुजून इथेच राहिला होता, त्याला समोरच्या गॅलरीतून ‘पाकिस्तानी’ ही आरोळी ऐकावी लागू लागली. १९४८, १९५७, १९६७ अशी लीग विजेतेपदे क्लबने मिळवली, म्हणजे खेळ संपला नव्हता. संपली होती ती त्याच्या जिंकण्याचा आनंद इतरांनी वाटून घेण्याची शक्यता. हैदराबादचे मोहम्मद हबीब तिन्ही क्लबांकडून खेळले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेले यांच्या कॉसमॉसविरुद्ध मोहन बागानने २-२ अशी बरोबरी केली, तेव्हा गोल करणाऱ्यांत हबीब होते. तेव्हा सारी गॅलरी हबीब यांच्या मागे होती. मोहन बागानच्या जर्सीतला मुसलमान आपला आणि मोहमेडनच्या गॅलरीतला मुसलमान परका, ही विभागणी इतकी उघडी आहे की तिच्यावर वेगळे भाष्य लागू नये. खेळाडूला मिळणारी माया त्याच्या समाजापर्यंत पोचत नाही. म्हणून संघांची सरमिसळ झाली की पूर्वग्रह आपोआप जातील, हा भाबडा आशावादही मला मान्य नाही. सरमिसळीने पूर्वग्रह खोटा ठरतो; मिटत नाही.

१६ ऑगस्ट १९८० ची दुर्घटना या संदर्भात नेहमी निघते. ईडन गार्डन्सवर लीगमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना होता. दोन्ही क्लबांचे चाहते एकाच स्टँडमध्ये मिसळून बसवले होते. उत्तरार्धात मोहन बागानचे विदेश बोस आणि ईस्ट बंगालचे दिलीप पालित यांची झटापट झाली, रेफरींनी दोघांनाही बाहेर काढले, आणि वरच्या मजल्यावर दगडफेक सुरू झाली. खाली उतरण्याचे जिने अरुंद. वरून लोटणाऱ्या गर्दीला वाट मिळेना, पडलेल्यांवर माणसे पडत गेली, काहींनी जीव वाचवायला वरून उड्या टाकल्या. सोळा जण मेले, बहुतेक तरुण. काही जण याला घोटी-बांगाल द्वेषाचे फळ म्हणतात; काही म्हणतात की हा केवळ ढिसाळ बंदोबस्ताचा बळी. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. मेलेल्यांत कोण कुठल्या जिल्ह्याचा, हे त्या जिन्याने पाहिले नाही. पुरेशी दारे आणि वेगळ्या बैठका असत्या तर त्या दिवशी फार तर डोकी फुटली असती. मात्र बंदोबस्त ढिसाळ का, हा प्रश्न उरतोच. फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे गर्दी, जमाव, झुंड, असे अधिकाऱ्यांनी आणि सभ्य समाजाने धरून चालणे हादेखील एक पूर्वग्रह आहे, आणि सोळा जणांचा जीव घेण्यात त्याचा वाटा शिवीगाळीपेक्षा मोठा होता.

पुढे काय झाले ते पाहा. १६ ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदान करून पाळला जाऊ लागला. २०२१ मध्ये ममता बॅनर्जी यांच्या सरकारने तोच दिवस आपल्या निवडणुकीतल्या घोषणेच्या नावाने ‘खेला होबे दिवस’ म्हणून जाहीर केला, आणि भाजपच्या नेत्यांनी लगेच आठवण करून दिली की १६ ऑगस्ट हा १९४६ च्या मुस्लिम लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती’चा, म्हणजे कलकत्त्यातल्या कत्तलींच्या सुरुवातीचा दिवस. सोळा मुलांच्या स्मृतिदिनाचा एका पक्षाने झेंडा केला आणि दुसऱ्याने त्याला धर्माची दंगल जोडली. दोघांपैकी कुणालाही ईडनच्या जिन्याशी कर्तव्य नव्हते.

‘चाहत्यांची थट्टा आहे, मनावर घेऊ नका’ हा बचाव सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. त्याची परीक्षा १९९७ च्या उदाहरणावर घेता येते. १३ जुलै रोजी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सुमारे १,३१,००० प्रेक्षक होते. सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची जाहीर थट्टा केली: बायचुंग भूतिया यांना ‘चुंगचुंग’, केनियाच्या सॅमी ओमोलो यांना ‘ऑम्लेट’. बायचुंग यांनी तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला, आणि ही आठवण आता सूड म्हणून चवीने सांगितली जाते. पण सिक्कीमच्या मुलाच्या नावाचा असा उच्चार करणे ही थट्टा कोणत्या देशात केली जात होती, हे विसरता येत नाही. ईशान्येकडच्या माणसाला दिल्ली-बंगळुरात ‘चिनी’ म्हणून मारहाण होते, कलकत्त्यातही त्याला घर नाकारतात. ज्याच्याकडे मैदानावर उत्तर देण्याची सोय आहे त्याला थट्टा सोसता येते. गॅलरीत बसलेल्या, दुसऱ्या दिवशी त्याच शहरात घर शोधत फिरणाऱ्या माणसाकडे गोल करण्याची सोय नसते.

‘काँटातार’, म्हणजे सीमेवरचे काटेरी तारेचे कुंपण, ही मोहन बागानच्या चाहत्यांनी ईस्ट बंगालवाल्यांना मारायची जुनी हाक. तुम्ही कुंपणाखालून आलात, असा तिचा अर्थ. कित्येक वर्षे तिला दुसऱ्या बाजूनेही तितक्याच जोराने उत्तर मिळे आणि सामना संपला की दोघे एकाच बसने घरी जात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली आणि सुमारे १९ लाख लोक तिच्याबाहेर राहिले. त्यांत बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने होते. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. त्या दिवसापासून ‘तू कुंपणाखालून आलास’ हे वाक्य चिडवणे राहिले नाही. ते सरकारी कार्यालयात विचारले जाऊ शकणाऱ्या प्रश्नाचे रूप झाले. १९ जानेवारी २०२० च्या आय-लीगच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी सॉल्ट लेकमध्ये भलामोठा फलक उलगडला: ही माती आम्ही रक्ताने मिळवली, कागदाने नाही, अशा आशयाचा. त्या दिवशी सामना मोहन बागानने २-१ जिंकला. फलक मात्र देशभरच्या वर्तमानपत्रांत गेला. पूर्व बंगालहून आलेले सगळे त्या फलकाच्या बाजूचे होते असे नाही. मतुआ समाजातल्या अनेकांना नवा कायदा हवाच होता, कारण त्यांना त्यात मुक्काम दिसत होता. पण जे हातात कागद नसताना आले, त्यांच्या नातवंडांनी ‘कागद दाखवा’ या मागणीतला अपमान ओळखला, यात काहीच अनैसर्गिक नव्हते.

त्यावर ‘स्टेडियममध्ये राजकारण नको’ असे म्हटले गेले. ज्या क्लबांच्या कार्यकारिणीवर सत्ताधारी पक्षांचे खासदार बसत आले आहेत, ज्या मैदानांची जमीन लष्कराची आहे, तिथे राजकारण नव्हतेच असे मानायचे तर प्रेक्षकानेच एकट्याने अराजकीय राहण्याचा नेम का धरावा? भेद राजकारण असण्या-नसण्याचा नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाविरुद्ध उलगडलेला फलक आणि समोरच्याच्या अस्तित्वाविरुद्ध दिलेली आरोळी या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि त्यांना एकाच नियमाने मोजणारा अधिकारी प्रत्यक्षात दुसरीलाच मोकळीक देतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, शहर पेटले, आणि १८ तारखेचा ड्युरांड कपमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना बंदोबस्त पुरणार नाही म्हणून रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी तिन्ही क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून सॉल्ट लेकच्या रस्त्यावर एकत्र आले. हिरवा-मरून, लाल-सोनेरी आणि काळा-पांढरा. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोहन बागानचे कर्णधार सुभाशिष बोसही तिथे आले होते. याला एकीचा चमत्कार म्हणणे सोपे आहे, पण पुढच्याच मोसमात जुन्या हाका परत आल्या आणि त्या येणारच होत्या. शत्रुत्व फुटबॉलला हवेच असते. त्या संध्याकाळने एवढेच सिद्ध केले की हे शत्रुत्व चाहत्यांच्या काबूत आहे. हवे तेव्हा ते बाजूला ठेवू शकतात. जे बाजूला ठेवता येते ते रक्तात नसते, आणि ज्याला ते आवरता येते त्याला त्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

स्कॉटलंडने २०१२ मध्ये प्रेक्षकांच्या पंथद्वेषी वागण्यासाठी खास फौजदारी कायदा केला आणि २०१८ मध्ये तो मागे घेतला. गाण्याच्या ओळींवरून तरुणांना कोर्टात ओढणे कुणालाच पटले नाही. बंगालमध्ये तसा कायदा नको, तो कोणत्या पक्षाच्या हाती कसा वापरला जाईल हे सांगायला नको. पण फिफाच्या शिस्तसंहितेत चाहत्यांच्या भेदभावाच्या वर्तनासाठी क्लबला दंड आणि गॅलरी रिकामी ठेवून सामना खेळवण्याची तरतूद आहे. बाटली फेकली की आपल्याकडे क्लबला दंड होतो. ‘पाकिस्तानी’, ‘बांगलादेशी’, ‘चिनी’ या आरोळ्यांनाही तोच न्याय लावावा, पुढच्या मोठ्या सामन्याआधी लावावा, आणि त्याची पहिली मागणी आयएफएकडे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन या तिन्ही क्लबांच्या चाहता-संघटनांनी एकाच अर्जावर सह्या करून करावी.